बाकी

शेफील्डच्या या कोपऱ्यावर मी तीन दिवस उभी आहे.
हातात मोजणीचं यंत्र, अंगठ्याएवढं.
माणूस गेला की दाबायचं. टिक.
कुत्र्याला दाबायचं नाही.
बाबागाडीतल्या बाळाला दाबायचं की नाही
यावर ऑफिसात अर्धा तास वाद झाला.
फिलिपा म्हणाली, जो स्वतः वाट निवडत नाही तो धरू नये.
मग आम्हांला तरी कोणी का धरावं,
असं माझ्या मनात आलं, पण बैठक लांबली असती.

संगणकात हे सगळं शहर रेघांचं आहे.
नजर जाईल तिथवर एक रेघ,
रेघेला रेघ छेदते, आणि जिथे पावलं आपोआप गोळा होतात
ती लाल. मग नारिंगी, पिवळी, हिरवी,
आणि सगळ्यात शेवटी निळी, जिकडे कोणी फिरकत नाही.
ही जिन्यांची बोळ निळी आहे.
चौसष्ट पायऱ्या, एक गंजका कठडा,
फक्त वळणाशी तळहातांनी चकचकीत झालेला.
तासाला बारापेक्षा कमी माणसं गेली
तर वर-खाली फाटक लावायचं ठरलंय.

शंभरातली सत्त्याहत्तर पावलं मॉडेल ओळखतं.
उरलेली तेवीस अहवालात शेवटच्या पानावर, बारीक टाइपात.
मिरजेच्या शाळेत आम्ही तिला बाकी म्हणायचो :
भागाकार संपला की पाटीच्या तळाशी
एकटी उरलेली.

नॉर्मन ऑक्सली रोज नऊ वाजून पाच मिनिटांनी येतात.
गुडघा दुखरा, दर आठ पायऱ्यांना एक दम.
लाल रस्ता सपाट आहे, दीडशे मीटर जवळचा,
मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं.
म्हणाले, तिथे बार्टनचं मटणाचं दुकान आहे, पोरी.
एक्याण्णवच्या नाताळात तो मला
चार गिऱ्हाइकांदेखत उधारीवरून बोलला.
बार्टनला जाऊन चौदा वर्षं झाली.
आता तिथे वाफेच्या सिगारेटी मिळतात, आंब्याच्या वासाच्या.
ते त्यांना ठाऊक आहे.
पायांचा अबोला अजून सुटलेला नाही, एवढंच.

अंतर भरलं, चढ भरला, वळणांचे कोन भरले.
अबोला किती अंशांचा, ते कुठल्या रकान्यात?

काल पडद्यावर बोळ बंद करून पाहिली.
ठिपके क्षणभर थबकले, मग शहाण्यासारखे
लाल रस्त्याला लागले. कुरकुर नाही, अर्ज नाही.
त्यातला एक, नऊ-पाचचा,
बार्टनच्या दारावरून सरळ गेला
मानही न वळवता.
मला त्या ठिपक्याची लाज वाटली.

आज सकाळी आईचा फोन.
थंडी, पगार, सर्दी, सगळं विचारून झाल्यावर
नेहमीसारखी म्हणाली, बाकी काय?
तेवीस टक्के, असं ओठावर आलं.
बाकी काही नाही, म्हटलं,
आणि मग आम्ही वीस मिनिटं बोललो.

शेवटचा तास. सव्वाआठ ते सव्वानऊ.
इदील, दप्तर एकाच खांद्यावर, दोन-दोन पायऱ्या गाळत : टिक.
रात्रपाळीच्या दोन नर्स. टिक, टिक.
पत्रं वाटणारा, जो गाणं मध्येच तोडून मला हसला.
पावभाजीएवढ्या घाईत कोणीतरी सूटवाला.
मग बराच वेळ कोणीच नाही, एक मांजर सोडून.
नऊ-पाच. नॉर्मन. टिक.
अकरा.

नियम असा की मोजणाऱ्याने स्वतःला मोजू नये.
वर माझं काहीही काम नव्हतं.
ऑफिस खाली, बस खाली, कॉफी खाली.
तरी कठडा धरून चढले,
वाट वाकडी करून.
वरच्या पायरीवर नॉर्मन दम खात उभे होते.
काय गं, काही विसरलीस?

खिशातल्या खिशात एकदा दाबलं.
वरून शहर काही खास दिसत नव्हतं.
ओली छपरं, धुरकट उजेड,
आणि एकही रेघ नाही.