जार धुताना

घासलेटाच्या बाटलीत सोडियमचा तुकडा
ओलावलेल्या गुळाच्या खड्यासारखा पडून असतो.
ब्लेडने कापला की क्षणभर चांदी,
लगेच मळकट.
कापायचं काम माझं.
बावीस वर्षं, कन्ना चौकामागच्या शाळेत,
"इराबत्तीबाई, ब्लेड", "इराबत्तीबाई, चिमटा".
पुढचं चिप्पा सर करतात.

हॅलोजन म्हणजे काय, सरांनी विचारलं
तर गाजूलांचा व्यंकटेश म्हणाला,
मांडवातला दिवा की सर, पाचशे वॉटचा.
वर्ग हसला, सरही.
म्हणाले, त्या दिव्यातसुद्धा चिमूटभर असतो तो,
पण शब्दाचा अर्थ, मीठ करणारा.

मीठ.
माझ्या आईचं उप्पु.
समोरच्या कोनापुरेकाकूंचंही उप्पुच.
तेलुगू-कानडीचं निदान या एका डब्यावरून
भांडण नाही.

ब्लीचिंग पावडरवर आम्ल ओतलं
की जारमध्ये पिवळट हिरवं काहीतरी चढू लागतं.
चौथ्या दिवशी येणाऱ्या नळाचाच वास,
पण दात विचकलेला.
मी खिडक्या उघडते.
मला हा शाळेच्या आधीपासून माहीत आहे.
नायना डाय हाउसवरून यायचे
तेव्हा त्यांच्याआधी तो उंबरा ओलांडायचा.
सूत पांढरं व्हायचं त्याने.
खोकला कशाने, ते कोणी विचारलं नाही.

रंगाच्या हौदात ते पोत्याने मीठ ओतायचे.
मीठ नसलं तर रंग पाण्यातच बसून राहतो, म्हणायचे,
सुताकडे जायचं नावच घेत नाही.
म्हणजे चादरीवरचा तो लाल मोर
मिठाने ढकलून आत बसवलेला.
मे महिन्यात पाठीवरच सदरा वाळला
की पांढरे नकाशे उमटायचे.
हा कुठला देश, मी बोट फिरवून विचारायची.
दुसऱ्या पाळीचा, ते म्हणायचे.

सरांनी पळी तापवली, जारमध्ये उतरवली.
पिवळा जाळ. पहिल्या बाकावरचे मागे सरले.
पुस्तकात लिहिलंय, एक देतो, एक घेतो,
बाहेरच्या कक्षेतला एकुलता इलेक्ट्रॉन.
देणंघेणं असं गोडीत होत असेल
तर एवढा उजेड कशाला पडतो?
मला तर ती झटापट दिसते.
मग धूर खाली बसला,
काचेला आतून पांढरी पिठूळ साय.

सुमय्या बागवान उभी राहिली.
सर, एक पाण्यात टाकला तर पेटतो,
दुसरा हुंगला तर माणूस जातो,
मग दोघं मिळून आमटीत कसे चालतात?
सर फळ्याकडे वळले.
दोन सोडियम, क्लोरीनचा एक रेणू, दोन मीठ.
दोन्ही बाजू जुळल्या.
सुमय्या उभीच होती.
परीक्षेला एवढं पुरे, सर म्हणाले, आणि घंटा झाली.

(उद्या जस्ताची पूड आणि आयोडीन.
एक थेंब पाणी पडलं की जांभळा धूर.
पोरींना तोच आवडतो.)

जार धुवायला मी एकटी.
इथे काहीही चाखायचं नाही,
भिंतीवरची ती पाटी मीच रंगवलेली.
नळाला पाणी नाही, बादलीतलं अर्धा तांब्या घेतलं.
साय विरघळली, दिसेनाशी झाली,
पाणी होतं तसंच.
खिडकीतल्या कुंडीला घालवेना.
मोरीत ओतायलाही जरा वेळ लागला.

रात्री आमटीला उकळी आली
तेव्हा मीठ घातलं की नाही, आठवेना.
आणखी एक चिमूट टाकली.
पोरगा म्हणाला, खारट झालंय गं.
भाकरी कुस्करून सगळी संपवली मात्र.