शेवट मी पाहिलेला नाही

जहाज बुडायला दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात,
मधे इंटरव्हल.
दिवसाला चार वेळा, असे पाच आठवडे.
मी बॅटरी घेऊन कडेला उभा.
माझं तोंड पडद्याकडं नसतं, लोकांकडं असतं.

रडणं आधी खांद्यात येतं, मग डोळ्यांत.
चौतीस वर्षांत मला कळलेलं एवढंच शास्त्र.
बाल्कनीत रुमाल निघतात,
खाली स्टॉलला शर्टाची बाही,
आणि कॉलेजची पोरं नाक ओढत एकमेकांना सांगतात,
"एसी लई गार हाय लेका."
एसी दिवाळीपासून बंद आहे.

गंगावेशीतला शिरगोंडा पैलवान,
मोडक्या कानांचा, दोन खुर्च्या मिळून एकटा बसणारा,
कप्तान बुडाला तेव्हा निवांत शेंगा सोलत होता.
मग तो म्हातारा खानसामा आला.
भटारखाना तिरका झालेला, भांडी एका अंगाला,
आणि हा शेगडी विझवतो, ओटा पुसतो,
फडकं पिळून दांडीवर वाळत घालतो.
तिथं पैलवानाच्या हातातली पुडी सुटली.
शेंगा उतरत्या फरशीवरनं
पडद्याकडं घरंगळत गेल्या.
मी बॅटरी विझवली.
माणसाला तेवढा अंधार द्यावा लागतो.

गुळाच्या अडतीवरचे हिशेबनीस मगदूम
होड्या बोटांवर मोजायचे
आणि बायकोच्या कानात चिडून म्हणायचे,
"तिकिटं फाडताना दिसलं नाही व्हय,
माणसं किती, होड्या किती!"
तीन वेळा आले. तिन्ही वेळा मोजल्या.

आमच्या भिंतीवर रंगाखाली एक रेघ आहे,
एच रांगेच्या डोक्याबरोबर.
जयंती नाला आत आला होता त्या वर्षीची.
मालकानं दोनदा हात मारला.
पावसाळ्यात ती परत दिसते,
आणि पडद्यावरचा समुद्र बरोब्बर तिथवर येऊन थांबतो,
म्हणजे मला तसं वाटतं.

एका रविवारी चिखलीची माणसं आली, टेम्पो करून.
पत्र्यावर रात्री काढलेली माणसं.
मी दस्तगीरला म्हटलं, आज थेटर वाहून जातंय बघ.
एक हुंदका नाही.
फक्त डेकवर पाणी चढलं तसे
सगळ्यांनी पाय वर घेतले,
चपला खुर्चीखालनं उचलून मांडीवर ठेवल्या.
कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि सुगलाबाई उभी राहिली.
मागनं "बसा खाली" झालं, तिनं ऐकलं नाही.
मला हात करून मोठ्यानं विचारलं,
"तळाला जनावरं असतील की रे बाबा.
दावी कापली का कुणी?"
पडद्यावर एक बाई तिची हॅट शोधत होती.
कुणी हसलं नाही.
मी म्हणालो, "कापली, मावशी. मघाशीच.
तुम्ही तिकडं बघत होता."
ती बसली.

शेवटाला दहा मिनिटं उरली की
मला दारं उघडायला जावं लागतं.
दस्तगीर वरनं रोज बघतो. म्हणतो,
काय नसतंय रे शेवटी, नुसतं सपाट पाणी.
तेवढ्यासाठी बाहेर मी अडसर धरून उभा,
आतनं कुणाचा तरी श्वास, मग खुर्च्यांचा खडखडाट,
मग लाल डोळ्यांनी उन्हात आलेली माणसं
गाडीची किल्ली शोधतात,
मिसळ इथं खायची का फडतऱ्यांच्या गल्लीत
यावर भांडतात.

चिखलीची सगळ्यात शेवटी निघाली.
सुगलाबाई उंबऱ्यात थांबली.
पदरानं चपलीचा तळ पुसला, कोरडाच होता.
"कुठल्या गावाला लागली रं ती?"
मागं टेम्पोवाला हॉर्न मारत होता.
मी म्हणालो, "शिरोळच्या अंगाला."
तिनं मान हलवली.
"तिकडंच लागत्यात," म्हणाली,
आणि चप्पल घालून पायऱ्या उतरली.