पोत

पहिल्यांदा बसवली तेव्हा डॉक्टर बाकलीवालांनी
नमुन्याची नळी हातात दिली होती.
पांढरी, चुणीदार, अंगठ्याएवढी जाड.
मी नखानं वीण मोजली. सवय.
चौतीस वर्षं इंदूरच्या मिलमध्ये, विणकाम खात्यात,
सूत तुटलं की धोट्याच्या आवाजावरून कळायचं.
म्हटलं, माल चांगला आहे. बसवा.

तीन वर्षं बरी गेली.
मग रोज ताप,
बंद मिलचा दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा
बरोबर त्या वेळेला.
कमरेत ठणका. स्कॅनमध्ये नळीभोवती
हवेचे बुडबुडे, राईएवढे.
डॉक्टर हिंदीत बराच वेळ बोलले.
मी रेवतीला मराठीत सांगितलं,
कापडाला कसर लागली.

पॉलिएस्टरला कसर लागत नाही, बाबा.

धुऊन भागणार नव्हतं. रफू नाही.
सगळी काढायची.
आणि तिच्या जागी?
डॉक्टरांनी माझ्या मांडीवर पेनानं रेघ ओढली.
इथली मोठी शीर, दोन्हीकडची.
म्हणजे घरचंच सूत.
आणि पायांचं काय?
सुजतील, म्हणाले. चालाल.

नऊ तास. त्यातलं मला काही ठाऊक नाही.
रक्त द्यायला परदेशीपुऱ्यातून सात पोरं आली,
त्यात घडी खात्यातल्या गोविलकरांची नात.
बाकीचं डॉक्टरांनी नंतर सांगितलं:
नळी सोडवली, पू काढला, खरवडलं, धुतलं.
शिरा उलट्या केल्या, पैरण उलटी करतात तशा,
आतले झडपेचे पडदे कापले,
सुलट्या करून शिवल्या.
मग आतड्यांवरचा चरबीचा पदर ओढून
सगळ्याभोवती गुंडाळला.
पदर हा शब्द माझा.

शुद्धीवर आल्यावर मी ती नळी मागितली.
लॅबला गेली, जंतू बघायला चिरली.
मला फक्त एकदा नखानं मोजायची होती.
विणण्यात काही चुकलं नव्हतं
एवढं बघायचं होतं.
सिस्टर हसल्या. त्यांना वाटलं, गुंगी.

आता पाय सुजतात. सकाळी उठण्याआधी
रेवती घट्ट मोजे चढवते, घाम फुटतो तिला.
घोट्याशी वीण दाट, वर येत येत सैल.
कारागिरानं डोकं लावलंय.
तिला म्हटलं, लेबल वाच जरा,
कुठल्या मिलचा माल आहे.