पावतीपुस्तक क्रमांक तीन

पंचवटीत दुकानोदुकानी फिरतो मी.
"कुठल्या लढाईचं स्मारक?"
"लंकेच्या."
"ती तर रामाची," भांडीवाला हसतो.
त्याचं तरी काय चुकलं,
सीतागुंफा हाकेवर आहे.

मी सांगतो, सत्त्याऐंशी साल. जाफना.
सेतूवरून नाही, जहाजातून गेलो.
शांतिसेना म्हणायचे आम्हाला.
शिवनाथ पेखळे ताडाखाली पाणी प्यायला टेकला,
मातीत सुरुंग होता.
एवढ्यावर मी थांबतो.
गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं.

कचेरीत साहेबांनी विचारलं,
"शत्रू नेमका कोण होता?"
अर्जातला तो रकाना
अजून कोराच आहे.

रविवार कारंज्यावर चिवडेवाल्याने एक्कावन्न दिले,
कॉलेजच्या दोन मुलींनी
आधी मोबाइलमध्ये जाफना शोधलं,
मग वीस रुपये, सुट्टे.
एकाने विचारलं, कारगिलचं का नाही करत?
त्यालाही पावती पुस्तक दाखवून ठेवलं.

मखमलाबादहून शिवनाथची विमल आली
द्राक्षबागेतून थेट,
नखांत मोरचुदाचा निळा.
पदराच्या गाठीतली पाचशेची नोट
काउंटरवर सपाट केली,
पावती दोनदा वाचली.

"भाऊ, दगडावर 'पेखळे' नीट कोरायला सांगा.
तारेत 'पोखळे' आलं होतं.
तीन दिवस मी धरून बसले,
दुसरीच कुणाचं तरी कुंकू गेलं म्हणून.
तिच्यासाठी रडलेसुद्धा."