दरपत्रक

सर्जेकोटच्या जेटीवर मी होड्यांची नावं रंगवतो.
नाव, नंबर, नाळेवर एक मासा.
माशाचे पैसे वेगळे.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस, अंगावर सात होड्या,
आणि शालन कोळंबकर आली
स्कूटीवर, पायांमध्ये कोरा पत्रा उभा धरून.
सतरा वर्षं ओरोसच्या सरकारी रुग्णालयात, कंत्राटावर.
"सोडलं," म्हणाली,
जसं कुणी सांगावं, पेज उतू गेली.

वर काय घालू? सिस्टर शालन?
"सिस्टर नको.
ती हाक आली की झोपेतसुद्धा उठून बसते मी.
नाव घाल. आडनावासकट."

मग केसपेपरच्या पाठीवर लिहिलेली यादी,
अक्षर सरळ, डावीकडे समास सोडलेला:
जखमेचं ड्रेसिंग. टाके काढणे.
लघवीची नळी बदलणे.
शुगर, बीपी.
शिंगाळ्याचा, पाकटाचा काटा
(आधी गरम पाणी, मग बाकीचं).
इंजेक्शन डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच.
घरी येऊन.

उजवीकडे रेघ मारलेली. रेघेपलीकडे काहीच नाही.
"इथं काय?"
"दर."
"किती?"
तिनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.
"तूच सांग. नळीचे किती म्हणतात?"

मला काय ठाऊक.
मी अक्षरावर घेतो, म्हटलं, मोठं पंधरा, लहान आठ.
ती हसली नाही. पुटपुटत हिशेब करायला लागली,
हातमोजे, गॉज, तळाशीलपर्यंतचं पेट्रोल,
बर्फाच्या कारखान्याशेजारच्या खोलीचं भाडं,
आणि मध्येच थांबली.
"हाताचे किती धरू?
पगार यायचा नऊ तारखेला, कधी वीसला,
त्यातले कुठल्या रात्रीचे, कुणाच्या पाठीचे,
कधी कळलंच नाही."

पत्रा तसाच वाळत ठेवला, अर्धा.

तो वाळायच्या आत आमच्याच घरून तिला बोलावणं गेलं.
बाबा शिमग्यापासून खाटेवर.
कमरेखाली रुपयाएवढं भोक पडलेलं,
मी रोज त्यात हळद दाबत होतो.
तिला दारातच वासावरून कळलं.
घड्याळ काढलं, हात धुतले, कोपरापर्यंत,
इतका वेळ, की आईनं बादली दुसऱ्यांदा भरली.
मग बाबांशी गप्पा, वारा कुठला, सरंग्याला भाव काय,
अमक्याची होडी बुडाली की विकली,
बाबा भांडले सुद्धा तिच्याशी, विकली म्हणून,
आणि तिकडे हाताखाली काय चाललं होतं
त्यांना पत्ताच नाही.

निघताना म्हणाली, साडेतीनशे.

आणि मी,
जो वेलांटीचेही पैसे सोडत नाही,
म्हणालो, "पण ही सेवाच मां गो?"

आईनं माझ्याकडे बघितलं.
शालन घड्याळ बांधत होती, पट्ट्याचं भोक शोधत.
"सेवाच," म्हणाली. "ती झाली.
आता साडेतीनशे."

दिले.
आईनं वर सुके बांगडे बांधून दिले, तेही घेतले तिनं,
पण नोटा मोजल्यावर.

घरी आल्यावर पत्रा पुन्हा मांडीवर घेतला.
रेघेपलीकडचे आकडे तिनं त्याच संध्याकाळी दिले, फोनवर,
एकेक, पुन्हा न बदलता, फक्त नळीपाशी जरा अडखळत.
मी ते लाल रंगात काढले,
होडीच्या नंबराएवढे,
उधाणातही लांबून वाचता यावेत असे.

पहिल्या महिन्यात अकरा माणसं. चार उधार.
रात्री अडीचला अजून जाग येते म्हणाली,
उठते, राउंड घ्यायला कुणी नाही,
मग गॉजच्या घड्या घालत बसते.

पैसे द्यायला आली तेव्हा बोटानं अक्षरं मोजली, दोनदा.
घासाघीस नाही.
मलाच काहीतरी टोचत होतं.
म्हटलं, कोपऱ्यात एक मासा काढून देतो. फुकट.

"फुकट नको.
शिंगाळा काढ, काट्यासकट.
किती?"

अडीचशे, मी म्हणालो.