कापूस विकेपर्यंत

ज्योत्स्ना मानकरच्या घरातली आतली खोली,
अढ्यापर्यंत कापूस.
भाव येऊ द्या, म्हणतो तिचा नवरा,
तोवर आम्हाला भिंती मऊ आहेत.
फोन खिळ्याला टांगलेला, त्यावर तिच्या पोराचा शाळेचा मोजा.
आवाज तोंडातून निघतो आणि तिथेच बसतो.
खाज मात्र सुटते.
पाहुणा बोलता बोलता चौकटीला पाठ घासतो,
ते घासणंही येतं रेकॉर्डिंगमध्ये.

दिवाळीत मी आराखडा केला होता
बियाणे कंपनीच्या कॅलेंडरच्या पाठीवर, लाल पेनाने.
बारा भाग, दर रविवारी एक.
पहिला: आपल्या बोलीचा इतिहास.
चौथ्यापुढे नुसतं 'महत्त्वाचे विषय' लिहून कंस केला होता.
नाव ठरवलं 'मातीचा आवाज'.
ज्योत्स्ना म्हणाली, मातीले कुठं आवाज असते वं?
डवऱ्याले असते.

पहिल्या भागात मी 'श्रोतेहो' म्हणाले.
ग्रामपंचायतीत दाखले टाइप करते मी दिवसभर,
तीच भाषा जिभेवर चढली होती.
एकोणीस वेळा ऐकला गेला.
त्यातल्या चार वेळा मीच.
दुसरा अकरा.
तिसरा निघालाच नाही, टिनावर वानरं होती.

मग थूलकाका आले. लाइनमन, निवृत्त.
बेचाळीस मिनिटं बसले,
त्यातली अर्धी नुसतीच बसले.
मी रात्रभर कापत होते.
खाकरणं कापलं, 'काय म्हंते त्याले' कापलं,
मधले थांबे उपटले निंदणासारखे,
सतरा मिनिटांचा सपाट माणूस तयार केला.
फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ फाइल पुसली.

कौसल्याकाकूंनी ओसरीवर बसून ऐकलं,
गवारीच्या शेंगा मोडत.
म्हणाल्या, हा कोन बोलून रायला?
आमचा बुढा असा पटपटा बोलत असता
त मी कवाच्या काव माहेरी गेली असती.

हसलो आम्ही. ज्योत्स्ना जास्त.
घरी येऊन कॅलेंडर उलटं केलं तर
पुढच्या बाजूला गणपती, चतुर्थी,
दुधाचे हिशोब.
तेच बरं वाटलं वाचायला.

काकांना पुन्हा बोलावलं.
मागच्या खेपेचं काहीच सांगितलं नाही त्यांनी.
या वेळी एका खांबाचं सांगितलं,
नाल्यापलीकडचा, पुरात वाकलेला.
तीन रात्री गाव अंधारात होतं,
आणि ते वर होते, आणि खालून कोणीतरी फ्यूज टाकला.
पायाखाली सारं गाव एकदम दिसलं, म्हणाले.
मी विचारलं, मग?
मग उतरलो, म्हणाले.

त्यानंतर तेवीस सेकंद काही नाही.
ज्योत्स्नाने माझा हात धरला होता,
मी पुढचा प्रश्न विचारू नये म्हणून.
तेवीसच्या तेवीस ठेवले.

आता बारा नाहीत. रविवार नाही.
फरजानाला विचारलंय, ती मशीन चालू ठेवूनच बोलेल,
ब्लाउजची घाई आहे तिला.
काट्यावरचा मापारी हो म्हणतो आणि येत नाही.
नाव अजून सुचलेलं नाही,
आणि नावावाचून अडलेलंही नाही.
किती जणांनी ऐकलं ते मी
पाहते अजून, खोटं कशाला बोलू,
पण जेवण झाल्यावर पाहते.

काल निरोप आला: उद्या सहाला टेम्पो.
भाव चढला की नवरा थकला, तिने लिहिलं नव्हतं.
आम्ही ती भराईच रेकॉर्ड केली.
शिंका, गाठोड्याची धप्प,
'दाब, दाब लेका,' ड्रायव्हरचं हॉर्न वाजवणं.
खोली रिकामी झाली तेव्हा
कोपऱ्यात एक चमचा सापडला, मागच्या वर्षी हरवलेला.
ज्योत्स्ना आत जाऊन 'ओ' म्हणाली.
खोली तिच्यापेक्षा मोठ्याने म्हणाली.

दोघी थोडा वेळ दंड खाजवत उभ्या राहिलो.
मग ती म्हणाली,
महिन्याभरात तूर येईन.
पोत्याइत कसा येते आवाज, पाहू.