तेहतीस गेज

गोळ्यांची पट्टी मी फ्रिजच्या दारात ठेवायची,
लोणच्याच्या बरणीमागे,
रात्री दूध विरजताना हात आपोआप जायचा.
मग एका संध्याकाळी डोळ्यांपुढे फुटक्या काचा चमकायला लागल्या,
गार्गीच्या गृहपाठातली अर्धी ओळ दिसेना,
मागोमाग अर्धं डोकं.
डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं:
असं दिसत असेल तर ही गोळी बंद. आजपासून.

आता उरलं काय?

आमच्या मजल्यावर सल्ल्याला तोटा नाही.
फिलोमिना आंटीने चर्चचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं,
लाल गोल, निळे गोल, दिवस मोजायची सगळी रीत;
"ह्या गोलांतूनच आमचा मेल्विन आला," म्हणाली, "मग शेरिल."
मावससासूबाई म्हणाल्या, तांबी वर वर चढते,
काळजात जाऊन बसते, इंदूचं तसंच झालं.
इंदू अजून चिंचपोकळीला फुलं विकते.
काळजाचं तिने मला कधी काही सांगितलं नाही.

निरोध दिगंबर आणायचा, खाकी पिशवीत,
दुकानदाराला दाखवायला सोबत एक बाम.
घरात सहा बाम झाले.
तेही चाललं असतं.
पण मधूनच त्याचं "आज राहू दे ना",
आणि पुढचे वीस दिवस मोजायचे मी.

सोमवारी पालिकेच्या प्रसूतिगृहात गेलो.
पुरुषांनी बाकापलीकडे येऊ नये, अशी पाटी.
सिस्टर दळवींनी पाटीकडे पाहिलं, ह्याच्याकडे पाहिलं,
"या हो तुम्ही पण, शॉक बसतो काय?"
टेबलावर पांढरा प्लास्टिकचा टी,
बोटाच्या पेराहून जरासा मोठा,
अंगाला तार गुंडाळलेली.

दिगंबर पंधरा वर्षं कुर्ल्यात, पाइप रोडला, जळक्या मोटारी भरतो.
त्याने तो टी उजेडात धरला, एक डोळा मिटला,
"तेहतीस गेज."
मग, "वार्निश नाही ह्याला?"
"वार्निश कशाला? उघडं तांबंच काम करतं."
तो गप्प झाला.
जन्मभर त्याने तारेला तार लागू दिली नाही,
लागली की जळते, एवढंच त्याचं शास्त्र.

सिस्टर सांगत होत्या: हार्मोन नाही, दहा वर्षं चालेल,
पहिले काही महिने अंगावरून जास्त जाईल, कळा येतील,
क्वचित निसटतेही. सगळं ऐका, मग हो म्हणा.
आणि त्याच सुरात ह्याला,
"तुमचं करायचं तर पंधरा मिनिटं. टाका नाही. संध्याकाळी घरी."
दिगंबरने टी होता तिथेच नीट ठेवला,
वर बघितलं,
पंख्याचं बेअरिंग गेलंय म्हणाला.

रिक्षात मी बोलले. बरंच बोलले.
त्याने उत्तर दिलं नाही, सुटे पैसे मोजत राहिला.

रात्री भांड्यांशी उभी असताना मागून आवाज आला,
"जाईन मी. पंधरा मिनिटांचंच आहे."
हातातलं पातेलं तसंच राहिलं.
हेच तर हवं होतं मला, दुपारपासून.
आणि आत काहीतरी नको म्हणालं.
दुसरं मूल मला कदाचित हवं आहे.
आत्ता नाही. चाळिशीच्या आत, कधीतरी, कदाचित.
कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं नाही.
तुटलेली तार जोडता येते, पण गाठ राहते,
हे त्यानेच शिकवलेलं.
"तांबी काढता येते," मी म्हणाले.
त्याला कळायला नळ बंद करावा लागला.

बसवताना एक कळ आली, कंबरेतून दातापर्यंत.
दुसरा महिना वाईट गेला; चादर त्याने भिजत घातली,
गार पाण्यात, न सांगता, हे कुठे शिकला कोण जाणे.
तिसऱ्यात जरा कमी.
दोऱ्याचं टोक बोटाला लागतं का, पाळीनंतर बघायचं.
लागतं.

सिस्टरांनी कार्डावर बदलण्याची तारीख लिहून दिली आहे.
ते मी मिक्सरच्या गॅरंटीखाली ठेवलंय.
मिक्सरची दोनच वर्षांची होती.